सायरननंतरची धडक

२५ जानेवारी १९९१, शुक्रवार
रास तनुरा, कंपनीचा कॅम्प. आज माझी धडक बसून कादिरचा गुडघा गेला. धडक टाळण्यासारखी नव्हती, हे आधीच लिहून ठेवतो. अमेरिकन सोल्जरने दिलेला तो नारळासारखा चेंडू ज्याच्या हातात, त्याला पाडायचं, हा त्यांचाच नियम. कादिरने झेलला, मी पाडलं. संध्याकाळभर माझ्या हातून निसटून दात काढत होता, ते वेगळं. मिसाइलचा सायरन वाजला की खेळ बंद, हा आमच्या कॅम्पचा नियम. तो वाजला होता म्हणे. कादिर चेंडू पोटाशी धरून आभाळाकडे बघत उभा होता म्हणे. मला काही ऐकू आलं नाही. उद्या हॉस्पिटलात जाऊन माफी मागेन. चूक नसतानाही. बहिणीचा नवरा आहे शेवटी.

२६ जानेवारी
गेलो नाही. रोड बंद असणार. चौकशी केली नाही, पण युद्ध आहे.

२८ जानेवारी
मेसमध्ये वाद. स्टोअरवाला उल्हास रेफरी होता. म्हणतो, सगळे थांबले, मी एकटाच धावत होतो. चमचे मांडून समजावलं. मी टँकर ड्रायव्हर, ब्रेक मला कोण शिकवणार? भरलेला टँकर सायरन ऐकून जागच्या जागी थांबतो का? उल्हासने विचारलं, म्हणजे ऐकला होतास? चमचे उचलून निघून आलो. असल्यांच्या नादी लागू नये.

१ फेब्रुवारी
आज नक्की. संत्री घेऊन हॉस्पिटलच्या गेटपर्यंत गेलो. झोपला असेल बिचारा, कशाला उठवा? संत्री मीच खाल्ली. आंबट होती.

६ फेब्रुवारी
कादिरला आता शिडी चढता येणार नाही. कधीच. परांचीवरच्या कामगाराला शिडी नाही तर काम कसलं? मालकाने, कफीलने, खलास म्हणून टाकलं, इथे राहायचा परवाना, इकामा, जमा. अख्तरीने माझ्याच शब्दावर नवऱ्याला इथे धाडलं होतं. घरी पाठवायला कॅसेट भरायला बसलो. 'अख्तरी, ती धडक...' पुसलं. परत भरलं, परत पुसलं. टेपच बिघडलाय.

१४ फेब्रुवारी
कादिर गेला. बसने जेद्दा, पुढे विमान. मी निघालोच होतो, तेवढ्यात टँकरची हवा तपासावीशी वाटली. ठीक होती. उल्हास सांगत होता, ड्रायव्हर यल्ला यल्ला ओरडत होता तरी कादिर कुबड्यांवर दारातच उभा, गेटकडे बघत.

२९ मार्च, शुक्रवार
लढाई संपली. रोजे चालू आहेत. गावाहून आलेल्या माणसाबरोबर अख्तरीची कॅसेट आली. कादिरनेच घरी खरं काय ते सांगितलं असेल, एकदाचा निकाल लागू दे, म्हणून इफ्तारला सगळ्यांसमोर लावली.

अख्तरी म्हणते, भाय, यांनी सगळं सांगितलं. मिसाइल येत होतं, हे खुळ्यासारखे वर बघत उभे, आणि तू जिवाची पर्वा न करता धावत येऊन यांना खाली पाडलंस. पायाचं काय एवढं, माणूस तर घरी आला. तुझ्यासाठी रोज दुआ मागते.

उल्हासने खजुरांची थाळी माझ्यापुढे सरकवली. वाद जिंकलो म्हणायचं.

शेवटी तिने विचारलंय, भाय, तुला तर कुठे लागलं नाही ना?

खजूर हातातच राहिला. सगळे उठून गेल्यावर हात-पाय नीट बघितले. कुठेही लागलेलं नाही.