डॉक्टरीणबाईंच्या गाडीचे दात

सोमवार, ८ फेब्रुवारी १९६०

खोललं. भीती होती तेच झालं — मागची चाकं फिरवणाऱ्या डिफ्रेनमधल्या मोठ्या चक्राचे पाच दात गेलेले! तेलात लोखंडाचा चुरा, नाचणीच्या पिठासारखा.

डॉक्टरीणबाई, नर्मदाबाई, काठी टेकत आल्या, वाकून बघितलं. "कधी होईल?" एवढंच. मालवणात डॉक्टर आणखी आहेत, पण रात्री-अपरात्री गावोगाव जाणाऱ्या ह्या एकट्याच. डावा पाय लहानपणापासून लुळा, म्हणून मुंबईच्या भावाने ही अमेरिकन गाडी धाडली. क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, एका उजव्या पायावर चालते. आणि पळते काय! असलं दुसरं जनावर आमच्या बाजूला नाही. बिघडलं तर मी एकटा.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

अलीमियाँ मुंबईहून आले. जन्मभर बोटीच्या इंजिनात काढलेला माणूस, म्हणून त्यांनाच सुटा माल आणायला सांगितलं होतं. लहान-मोठ्या चक्रांचे दोन जोड घेऊन आले. गाडीला दोन्ही बसतात!

एक अकरा दातांना सदतीस — इंजिनाचे साडेतीन फेरेही होत नाहीत तोवर चाक एकदा फिरतं. गाडीत होता तो हाच. पळायला झकास. दुसरा दहाला एकेचाळीस — इंजिनाचे चार फेरे, चाकाचा एक. पळणार कमी, ओढणार जास्त.

"ह्यो सड्याचो, ह्यो घाटाचो," अलीमियाँ म्हणाले. म्हणजे एक सपाटीवर पळायला, एक चढ ओढायला. "दोनय एकदम मिळूचे नाय, बाबली. तू ठरव."

मी ठरवू!

शनिवार, १३

दिवसभर दोन्ही जोड बाकावर मांडून बसलो. बायको, रुक्मिणी, दारात येऊन — "भात खातलंस की दात मोजतलंस?"

सोमवार, १५

बाईंना विचारलं. "वेगाचा बसव. लवकर पोचणं हेच माझं अर्धं औषध."

पण गेल्या मे महिन्यातला फोंडाघाट मी विसरलेलो नाही. चढात गिअरचं तेल उकळून बाहेर आलं होतं. मागच्या सीटवर पेशंट, आणि बाई दोन तास दगडावर बसून. उताराला तर ही गाडी इंजिनावर थोपतच नाही. सगळा भार ब्रेकवर, म्हणजे बाईंच्या एका पायावर. घाटाचा जोड असला तर इंजिन थोडं तरी धरून ठेवील.

सांगायला तोंड उघडलं. तोवर त्या गेल्या होत्या.

मंगळवार, १६

बसवला. घाटाचा.

शेंदूर लावून दात कुठे टेकतात ते चार वेळा बघितलं. बाईंना सांगितलेलं नाही.

गुरुवार, १८

बाईंनी गाडी नेली. "आवाज वाढलाय का रे?" म्हणाल्या.

"नवे दात आहेत. बसतील."

खोटं! अठरा वर्षांत गिऱ्हाइकाशी असं बोललो नव्हतो. आणि घरी आल्यावर डोक्यात आलं — वेगाच्या मीटरची तार गिअरपेटीतून येते, चाकाकडून नाही, म्हणजे आता काटाही खोटा! चाळीस दाखवील तेव्हा गाडी तेहतीसने जात असणार. उद्या सांगेन.

शुक्रवार, १९

नाही सांगितलं.

सोमवार, २२

कसालचा गाडीवान लवू साप चावून गेला. बाई इंजेक्शन घेऊन निघाल्या होत्या, पोचेपर्यंत संपलं होतं. बाजारात त्यांच्याच तोंडून ऐकलं — "काटा चाळीसच्या खाली येऊ दिला नाही मी!"

तेहतीस होते. तेहतीस!

जेवण गेलं नाही. लवूला मी दोनदाच बघितलाय. बैलांच्या शिंगांना लाल रंग लावायचा.

मंगळवार, २३

सकाळी दवाखान्यात गेलो. पेशंट बसलेले. आत शिरून उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं — जोड, काटा, सगळं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"कसालपर्यंत किती फरक पडतो?"

"सहा-सात मिनिटं."

"लवूला साप चावला सकाळी सहाला. मला निरोप आला दहाला. सहा मिनिटं तू खाल्लीस. मधले चार तास कुणी खाल्ले?"

मी रडलो. पेशंटांसमोर.

"जोड बदलून देतो," म्हटलं.

"आधी घाट बघू. पण बाबली, मला न विचारता पुन्हा काही करू नकोस."

बुधवार, २ मार्च

मसुऱ्याची लक्ष्मी, दोन दिवस अडलेली. कोल्हापूरला न्यायची. बाई म्हणाल्या, "तू पण चल." तिचा नवरा शिवा मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन. माझं सगळं लक्ष तेलाच्या वासाकडे. कणकवली, फोंडा, घाट — जळका वास नाही, धूर नाही! एकदाही थांबलो नाही. शिवा सारखा विचारत होता, "खंय पावलो?" दुपारी कोल्हापूर. मुलगी झाली. दोघी जिवंत! दवाखान्याच्या पायरीवर बसून मी आणि शिवा दोघेही हसत सुटलो.

पण परतीच्या उतारात एका वळणाला ब्रेक फार उशिरा लागला. कठड्याला गाडीचं नाक जवळजवळ टेकलं. खाली दरी. बाईंचा चेहरा पांढराफटक. "लक्ष नव्हतं माझं," म्हणाल्या.

लक्ष नव्हतं? बाईंचं?

शुक्रवार, ४ मार्च

दोन दिवस ब्रेक खोलून बसलोय. चारी चाकं, नळ्या, पट्टे, तेल. काही सापडत नाही. नवीन जोडामुळे काही झालं असेल? कसं होईल? तरी पुन्हा खोलला. दात आरशासारखे. मग ब्रेक का लागला नाही? उद्या पहिल्यापासून बघायचं.

शनिवार, ५ मार्च

बाई चालत आल्या. किल्ली बाकावर ठेवली.

"ब्रेक बघायचे बंद कर. डिसेंबरपासून माझ्या उजव्या पायाच्या तळव्याला काही कळत नाही. त्या वळणावर पाय ब्रेकवर आहे की नाही, ते खाली वाकून बघावं लागलं मला."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"सोमवारपासून गाडी तू चालव. मी मागे बसेन."

हो म्हटलं.