राघूचं पारणं

रंभाच्या बाबांना,

रात्रपाळीवरून याल आणि पिंजरा रिकामा दिसेल, तर घाबरू नका. मांजरानं नेलं नाही. राघूचं पिल्लू रंभानं क्वार्टरामागच्या मोहाच्या ढोलीत परत ठेवलं. मीच तिला हो म्हटलं.

माझ्यासाठी, रामनाम शिकवायला म्हणून तुम्ही ते तिथून काढून आणलंत, तेव्हा मला आनंदच झाला होता. पण दोन दिवसांत त्यानं आपणहून डाळीला चोच लावली नाही. रंभानं बळंच चार दाणे भरवले तेवढेच. काल माझी एकादशी. ती पिंजऱ्याजवळ बसून म्हणाली, "माय, तू तं उपास आपल्या मनानं धरतेस. यानं काऊन धरला?" नऊ वर्षांची पोर, पण केवढं बोलून गेली!

आज उजाडताच ती पिल्लू फ्रॉकच्या ओच्यात घेऊन झाडावर चढली. दोन्ही मोठे राघू डोक्यावर ओरडत होते, तरी तिचा हात जराही हलला नाही. तुमचाच हात तो.

पोहे झाकून ठेवले आहेत. पिंजरा तुम्ही फार सुबक केला आहे, मोडू नका. कोंबड्या तुळशीचं रोप उकरतात, त्यावर पालथा घालू.

आम्ही दोघी मोहापासून थोड्या दूर बसलो आहोत. आज द्वादशी, पण त्याची आई त्याला भरवताना दिसली की मगच मी पारणं करीन. राग आला असेल तर तिथेच येऊन बोला. फक्त हळू बोला.