वो खा, शी शी

२ मार्च

ति. दादास, ठमीचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, मनातल्या मनात घातला आहे.)

वहिनीचं पत्र वाचून आधी हसले, मग रडले. आजारपणानंतर तुझी जीभ आकड्यांवर घसरते हे माहीत होतं. पण माप घेताना चौतीसच्या कंबरेला तू त्रेचाळीस सांगितलंस, वहिनीनं निमूट लिहून घेतलं, आणि आता पोस्टमनच्या पँटमध्ये दोन पोस्टमन मावतात! पुढचा कपडा बिघडला तर शिलाई मशीन विकणार, म्हणते. ती म्हणते ते करते. तुझ्याशी लग्नही तसंच केलं.

उपाय ऐक. निवृत्त झाल्यापासून मी लोजबान शिकते आहे. हौशी लोकांनी बसून बनवलेली भाषा. एक ते नऊ असे: पा, रे, शी, वो, मू, बी, झे, खा, सो. तेहतीस म्हणजे नुसतं शी शी. आपलं ते एकोणपन्नास-एकोणसाठचं झेंगट नाही. टेपवर दिसेल तसं म्हणायचं. वहिनीलाही शिकव.

तुझी गणिताची मास्तरीण,
ठमी

१५ मार्च

चि. ठमीस, लायकी नसली तरी अनेक आशीर्वाद.

आधी वाटलं, तुला निवृत्ती बाधली. नुसतं तीन, चार म्हणायला काय होतं, असं हीसुद्धा म्हणाली. अगं, चार म्हणायला जावं तर चौदा, चौतीस, चव्वेचाळीस सगळे एकदम दारात येतात आणि भलताच बाहेर पडतो. तुझ्या वोला नातेवाईकच नाहीत. येतो तो एकटा. आठ दिवस आम्ही दोघं चहा पिताना घोकतोय.

काल बँडमास्तर कोटाचं माप द्यायला आला. छातीला टेप लावून मी वो खा म्हणून ओरडलो, तर म्हणाला, घरचे खाऊ देत नाहीत, तुम्ही काय देताय? लांबीला शी शी म्हटल्यावर बिचारा स्वतःची बगल हुंगायला लागला. आज कात्री लावली.

लोभ असू दे, सल्ले आवर.
दादा

१९ मार्च

ति. दादा, नमस्कार राहू दे, कात्री लागलीच आहे, आता सुई तरी थांबव!

काल आमच्या लोजबान मंडळात मी ऐटीत आकडे म्हणून दाखवले, तर एकानं पुस्तकच उघडून समोर धरलं. खा म्हणजे सहा आणि बी म्हणजे आठ! मी तुला उलटं शिकवलं. छत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि सख्ख्या भावाला सहा-आठ धड देता आले नाहीत. कोट बिघडून मशीन गेलं तर ते पाप माझं. तोंड दाखवायला जागा नाही रे.

अडाणी,
ठमी

२६ मार्च

चि. गाढवास आशीर्वाद.

कोट असा बसला की बँडमास्तर आरशासमोरून हलेना. अगं, मी टेपवर आठ बघून खा म्हणालो, हिनं खा ऐकून आठ लिहिला. चूक तुझ्या मंडळाला कळली, कापडाला कुठली कळायला! तुझं पत्र वाचून मी शब्द बदलायला निघालो, तर हिनं साफ सांगितलं, आपल्या दुकानात खा म्हणजे आठच. मंडळाला पटत नसेल तर त्यांनी कोट दुसरीकडे शिवावेत.

काल बँडची बाकीची माणसं मापं द्यायला आली. मशीन विकायचं नाव न काढता ही वही उघडून आधीच बसली होती. पहिल्याच्या पाठीला टेप लावली, आणि खरं सांगतो ठमे, आजारानंतर पहिल्यांदाच मला तोंड उघडायची भीती वाटली नाही.

तुझा शिंपी,
दादा