व्याह्यांची हातगाडी, ह्यांचं नाव

१९ जुलै, युटा
या घरात चहा नाही. कॉफीपण नाही. व्याह्यांच्या ख्रिस्ती पंथात बसत नाही म्हणे. ट्रॉयच्या घरून निघताना लेकाला, मिलिंदला बजावलं होतं, बॅगेत चहापूड टाक. विसरला. सासुरवाडीला येताना सेंट बरा आठवतो. डोकं ठणकतंय.

२० जुलै
जेवताना व्याह्यांनी परत जोसायाची गोष्ट लावली. लग्नात ऐकली, नातीच्या, मायाच्या बारशाला ऐकली. त्यांचा खापरपणजोबा. विलायतेतला विणकर. या धर्मापायी गाव सोडलं, बोटीने अमेरिकेत उतरला, बैलाला पैसे नाहीत म्हणून हातगाडीवर संसार लादून बायकापोरांसकट ओढत निघाला. वाटेत बर्फ. धाकटी पोर गेली. तिला तिथेच पुरलं, परत गाडी ओढायला लागले.
इथे पोचून दुसरी बायको केली, ते व्याही सांगत नाहीत. नात सांगते. पहिलीने गाडी काय यासाठी ओढली?

२२ जुलै
भर उन्हात सगळे जोसायाच्या काळातले झगे घालून हातगाडी ओढायला गेले. त्या वाटचालीची आठवण म्हणून दरवर्षीची रीत. माया टाचेला फोड घेऊन आली. पट्टी बांधत होते तर म्हणते, "आजी, आजोबांचं नाव दे ना. आय वॉन्ट टू मीट हिम."
यांच्यात मेलेल्याच्या नावाने जिवंत माणूस देवळात पाण्यात बुडी घेतो. मग मेलेल्याला यांच्या धर्मात येता येतं, आणि वर गेल्यावर घरच्यांची भेट होते म्हणे. पुरुषाच्या नावाने पुरुषच, म्हणून बुडी व्याही घेणार. मिलिंद "शुअर" म्हणून मोकळा. व्याही म्हणाले, नाही, बायकोचा होकार पाहिजे. तेवढी माणुसकी आहे.
ह्यांचं नाव मी जन्मभर तोंडाने घेतलं नाही. ते आता परके लोक पाण्यात घेणार.

२३ जुलै
मिलिंदला झापलं. म्हणे, "आई, काय फरक पडतो? बाबा आता नाहीत."
नाहीत म्हणूनच ना. असते तर त्यांनीच ऐकवलं असतं. पोरवयात बापाबरोबर अनवाणी नागपूरला गेले, दीक्षा घेतली. परत येऊन सासऱ्यांनी घरातले देव नदीत सोडले. गावाने काम देणं बंद केलं. तरी मागे फिरले नाहीत. ही गोष्ट मायाला कधी सांगितलीस का, विचारलं. फोनमध्ये बघत बसला.

२४ जुलै
मग मीच सांगितली. टाच माझ्या मांडीवर ठेवून ऐकत होती. "सो दे वॉक्ड टू." म्हटलं हो, आणि हातगाडीसुद्धा नव्हती. थोडी रडली. मग म्हणते, पण आजोबा मला भेटणार कसे? मी तिची पट्टी बदलली.

संध्याकाळी जेवताना तिलाच दुभाषी करून व्याह्यांना विचारलं. तुमच्या जोसायाच्या नावाने मी विहारात त्रिशरण म्हणून त्याला बुद्धाकडे आणलं, तर चालेल?
चमचा खाली ठेवला त्यांनी. मिलिंद "आई, प्लीज" करायला लागला, त्याला गप्प केलं. विहीणबाई आइस्क्रीम आणायला उठल्या, त्यांना बसवलं.
उत्तर व्याह्यांनी द्यायचं. सवडीने देऊ देत, पण त्यांनीच. तोवर ह्यांचं नाव मागायला माझ्याकडे कोणी यायचं नाही.