मागच्या खोलीतील वस्तूला शस्त्र म्हणण्याबाबत

प्रति,
मा. शस्त्र परवाना अधिकारी
तथा सदस्य सचिव, शस्त्र-व्याख्या सुधारणा समिती,
परवाना कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : पाळणाघर चालवणारी बाई, वय एकसष्ट, राहणार कालव्याकडील गल्ली, तळमजला.

विषय : अर्जदाराच्या मुलाने घरी तयार केलेली वस्तू आजच्या आज ताब्यात घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपले तोंडी उत्तर, "व्याख्येत बसत नाही."
२) समितीची जाहीर सुनावणी, जिच्यात अर्जदाराची सूचना "अस्पष्ट" म्हणून नोंदवली गेली.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार पुढीलप्रमाणे विनंतीपूर्वक कळवते. अक्षर उभ्याने लिहिलेले आहे, ते सांभाळून घ्यावे.

१. अर्जदार राहत्या घराच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवते. आईबाप कामावर जाताना लेकरे सोडून जातात आणि संध्याकाळी घेऊन जातात. आजवर पोराला ओरखडा उमटला म्हणून कोणी दारात भांडायला आलेले नाही. मागच्या खोलीत अर्जदाराचा एकुलता एक मुलगा राहतो. तो लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो. लहानपणी घरातले घड्याळ खोलायचा, पुन्हा जोडायचा आणि एखादा स्क्रू उरला तर त्याला घास गोड लागायचा नाही, इतका कामाला चोख. पोटच्या पोराविरुद्ध असा कागद लिहिण्याची पाळी कोणत्याही आईवर येऊ नये. परंतु आता गप्प राहवत नाही, कारण अर्जदारास भीती वाटते. कशाची, ते क्रमाने नमूद करते.

२. मुलाकडे परवान्याचे पिस्तूल होते. त्याच्या आणि सुनेच्या कुरबुरी वाढत गेल्या. एकदा जेवताना त्याने ते ताटाशेजारी ठेवले आणि सुनेला म्हणाला, "हं, आता बोल." सुनेने आपल्या लहान पोरीला भरवले, भांडी आवरली, आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर पोरीला कडेवर घेऊन निघून गेली. मागचे दार अर्जदारानेच उघडून दिले.

सुनेच्या तक्रारीवरून आपल्या कार्यालयाने परवाना रद्द केला आणि आपले दोन कर्मचारी पिस्तूल जमा करून घ्यायला आले. माणसे सभ्य होती. त्यांनी चपला बाहेर काढल्या. टेबलावर पिस्तूल खोलून नंबर कोरलेला सांगाडा तेवढा पिशवीत घातला, आणि नळी, वरचा भाग, स्प्रिंग असे सगळे मुलाच्या हाती परत दिले. अर्जदार म्हणाली, "अहो, हे इथेच ठेवून चाललात?" तर त्यातले थोरले म्हणाले, "आजी, नंबर ज्यावर तेच शस्त्र. उरलं ते सुटं सामान. सामान उचललं तर उलट आमच्यावरच येईल."

मुलाने ते सामान बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घातले आणि डबा कपाटावर सारला. तो गालातल्या गालात हसत होता. अर्जदारास तेव्हा त्या हसण्याचा अर्थ लागला नाही.

३. अर्थ पार्सलने घरी आला. खोक्यात करड्या प्लास्टिकचा एक सांगाडा होता, नेलेल्या सांगाड्याचा सख्खा भाऊ शोभावा असा. फक्त काही ठिकाणी तो भरीव होता, भोके पाडायची बाकी होती. नंबर कुठेच नव्हता. अर्जदार मागे सरली तसा मुलगा म्हणाला, "हात लाव की, आई. प्लास्टिक आहे नुसतं. कायद्यात ह्याला नावच नाही."

त्यानंतर तो दुपारीच घरी येऊ लागला. दुपारी पाळणाघरातली पोरे झोपतात. भिंतीपलीकडे ड्रिल घरघरले की त्यातली सर्वांत धाकटी झोपेतच ओठ काढायची. अर्जदार तिला थोपटत बसायची, पण कान भिंतीकडे. अखेर गुडघे धरले आहेत असे सांगून अर्जदाराने पाळणाघर बंद केले. गुडघे ठणठणीत आहेत. पोरांची एवढीएवढीशी अंथरुणे घड्या घालून ठेवताना अर्जदारास रडू आले, ते मात्र कोणाला दाखवले नाही.

४. यानंतर अर्जदार ती वस्तू कापडी पिशवीत घालून आपल्यासमोर हजर झाली, हे आपणास स्मरत असेलच. आपण बसायला खुर्ची दिलीत, पाणी मागवलेत, त्याबद्दल आभारी आहे. आपण वस्तू उलटसुलट करून पाहिली आणि पुस्तकातून वाचून दाखवले की, शस्त्र म्हणजे असा सांगाडा, ज्यात डागण्याची यंत्रणा बसवलेली आहे अथवा तत्परतेने बसवता येईल. तेव्हा शेजारच्या टेबलावरील तरुण साहेबांनी विचारले, "सर, तत्परतेने म्हणजे किती वेळात धरायचं?" आपण म्हणालात, "तोच तर वाद आहे. कोणी म्हणतं तासाभरात, कोणी म्हणतं दिवसभरात. म्हणून तर समिती बसवली."

मग आपण अर्जदारास समजावून सांगितलेत, "बाई, ह्यात अजून काम बाकी आहे. काम बाकी आहे तोवर हे शस्त्र नाही." अर्जदाराने विचारले, "आणि पुरं झाल्यावर?" आपण म्हणालात, "पुरं झालं की लगेच कळवा." शिवाय, वस्तू मुलाच्या मालकीची असून त्याला न विचारता आणली असल्याने तो चोरीची तक्रार करू शकेल, तरी तो घरी येण्यापूर्वी जागच्या जागी ठेवावी, असा सल्लाही आपण दिलात. सल्ला भल्यासाठीच होता, याविषयी अर्जदाराचे दुमत नाही.

बसमध्ये पिशवी मांडीवर होती. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "ठेवा की खाली, मावशी, कशाला ओझं धरून बसलात?" अर्जदाराने पिशवी आणखीनच घट्ट धरली. मांडीवर पोर धरण्याची सवय असलेल्या हातांना ते धरणे सोसत नव्हते. घरी पोचून मुलाच्या ड्रॉवरमध्ये ती होती तशी ठेवली आणि मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

५. समितीने जनतेच्या सूचना मागवल्या आहेत असे कळल्यावर अर्जदार सुनावणीस गेली. सभागृह भरले होते. शिकाऱ्यांच्या संघटनेच्या वकीलसाहेबांनी हातात पाण्याची एक नळी धरून विचारले की, व्याख्या अशीच सैल ठेवली तर उद्या घरोघरच्या प्लंबरला बेड्या घालणार का? लोक हसले. त्यांचे म्हणणे अर्जदारास पटले. प्लंबर बिचारा काय करतो? त्यानंतर एका रुग्णालयातील डॉक्टरीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, "माणसाच्या अंगातली गोळी मी काढते. ती पुऱ्या पिस्तुलातून आली की अर्धवटातून, हे मला आजवर एकाही जखमेवरून कळलेलं नाही." तेही पटले. मग दोन्ही बाजूंची ‘अथवा’ हा शब्द ठेवावा की गाळावा यावर जुंपली आणि ती चहा येईपर्यंत चालली.

अर्जदाराने हात वर केला आणि घरची हकिकत सांगू लागली. अध्यक्षसाहेब म्हणाले, "बाई, तुमची अडचण समजते, पण इथं गाऱ्हाणी ऐकत नाही आम्ही. शब्द सुचवायचे असतील तर सुचवा." अर्जदार सातवीपर्यंत शिकलेली. सगळे सभागृह आपल्याकडेच पाहत होते. तरी सुचले ते बोलली, "साहेब, ज्याच्यापायी घरातली माणसं एकमेकांशी हळू आवाजात बोलायला लागतात, ते शस्त्र." कोणी हसले नाही. अध्यक्षसाहेबांनी क्षणभर चष्मा काढला. पण हे मोजणार कसे, असे म्हणून ते पुढच्या सूचनेकडे वळले. मोजायचे कसे ते अर्जदारासही सांगता येत नाही.

६. काल संध्याकाळी मुलाने हाक मारली, "आई, जरा इकडे ये." मागच्या खोलीत टेबल लखलखीत पुसलेले होते. बिस्किटांचा डबा रिकामा होता. वस्तू त्याच्या हातात होती आणि आता तिला नळीही होती, वरचा भागही होता. त्याने भिंतीकडे रोखून चाप ओढला. खट् असा आवाज झाला. आत काही नव्हते. "बघ," तो म्हणाला, "काही अडतं का कुठं?" आपले काम दाखवताना तो लहानपणी जसा अर्जदाराच्या तोंडाकडे पाहायचा तसाच पाहत होता. अर्जदार म्हणाली, "छान." दुसरे काय म्हणणार?

मग तो म्हणाला, "उद्या पोरीला आणायला जातो. बघू कोण अडवतं ते." आणि भूक लागली म्हणाला. अर्जदाराने वाढले. तो पोटभर जेवला, दोनदा मागून घेतले. सून गेल्यापासून तो असा जेवला नव्हता. त्याला असे समाधानाने जेवताना पाहून अर्जदाराच्या अंगावर जो काटा आला, तो पिस्तूल ताटाशेजारी ठेवले त्या दिवशीही आला नव्हता.

७. आज सकाळी तो आंघोळीला गेल्याबरोबर अर्जदाराने त्याच्या उशीखालून वस्तू काढली. पाळण्यातल्या चादरीत गुंडाळली, परवान्याचा आदेश आणि सामानाची पावती सोबत घेतली. मोरीत पाणी पडत होते तोवरच जे काही करायचे ते करायचे होते. पायात घरातल्याच सपाता राहिल्या. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून सुनेला फोन केला. ती सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "आई, आधी तुम्ही घराबाहेर पडा." अर्जदार म्हणाली, "पडले आहे." "मग परत जाऊ नका. माझी शपथ आहे." पोरीला घेऊन ती लगेच तिच्या मावशीकडे निघाली आहे. मावशीचे घर मुलाला ठाऊक आहे.

वस्तू पुरी झाली असल्याने, आपल्या सांगण्याप्रमाणे, अर्जदार ती घेऊन खाली शस्त्र जमा करण्याच्या खिडकीवर गेली. तेथील लिपिकाने चादर उलगडून पाहिली आणि तो दचकून मागे झाला. मात्र नंतर म्हणाला की, नंबर असल्याशिवाय नोंद होत नाही आणि नोंद झाल्याशिवाय वस्तू घेता येत नाही. अर्जदाराने त्याला विचारले, "मग तुम्ही दचकलात कशाला?" त्यावर त्याने अर्जदारास वर पाठवले.

वर आवक खिडकीपाशी फलक लावला आहे की, अर्जासोबत जोडलेली कोणतीही गोष्ट परत दिली जाणार नाही. अर्जदाराने तो नीट वाचला आणि कोरा कागद मागून हा अर्ज लिहिला. वस्तू अर्जासोबत जोडली आहे. तिला काय म्हणायचे ते समितीने सवडीने ठरवावे. फक्त ती परत देऊ नये.

८. आणखी एक विनंती आहे, आणि हा अर्ज खरे तर तिच्यासाठीच आहे. एव्हाना मुलाची आंघोळ केव्हाच आटोपली असेल, त्याने उशी उचलली असेल. अर्जदार कोठे जाईल हे त्याला बरोबर कळते. तो इकडेच येईल, आणि रागाने लाल होऊन येईल. आपल्या फाटकावर बंदूकधारी रखवालदार उभा आहे. मुलगा उंच आहे, रागात असला की खिशात हात घालून झपाझप चालतो. पाहणाऱ्याला भलतेच वाटेल. खिशात स्क्रूड्रायव्हर असेल, तो कामाचा आहे.

तरी कृपया रखवालदारास ताबडतोब कळवावे की, घरात होते नव्हते ते सगळे अर्जदाराने वर जमा केले असून मुलाच्या हातात आता काही नाही. समितीने कोणतीही व्याख्या मान्य केली तरी तिच्याप्रमाणे आज तो निःशस्त्र आहे. त्याला अडवावे, बसवून ठेवावे, कायद्याने जे व्हायचे ते होऊ द्यावे, सुनेला आणि नातीला संरक्षण द्यावे. पण त्याच्यावर बंदूक रोखू नये. अर्जदारास त्याची भीती वाटते, हे खरे आहे. त्याच्यासाठीही वाटते.

या अर्जावर पोच मिळेपर्यंत अर्जदार खिडकीसमोरून हलणार नाही, आणि पोच मिळाल्यावरही तिला जायला घर नाही.

आपली भ्यालेली,
(सही)
अर्जदार

दिनांक : आवक शिक्क्यावर पडेल तोच.

सोबत :
१) रद्द परवान्याच्या आदेशाची प्रत.
२) सुटे सामान परत दिल्याची पावती.
३) वस्तू, चादरीसह.

शेरा (आवक विभाग, हाताने लिहिलेला) :

अर्ज व सोबतचे सर्व मिळाले. क्र. ३ साहेबांच्या कपाटात, किल्ली साहेबांकडे. वर्णनाच्या रकान्यात साहेबांनी स्वतः "शस्त्र" असे लिहिले, नंबराची जागा मोकळी. बाईंकडून पत्ता घेऊन सुनेच्या मावशीच्या घरी दोन माणसे रवाना.

रखवालदारास निरोप देण्यास मी स्वतः खाली गेलो, तोच अर्जदाराचा मुलगा फाटकाशी आला. खिशात हात होते. रखवालदाराने बंदूक उचलली. मी ओरडेपर्यंत बाई माझ्यामागून सपाता फटफटवत खाली आल्या आणि दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हात बाहेर काढ, बाळा. हळू." त्याने काढले. रिकामे होते.