खाऱ्या टाकीची वाट

१४ जाने.
फिश फार्मच्या जोसेफ सरांना सांगितलं, टाकी ३मधल्या सॅमनच्या पिल्लांना रोग लागलाय. पिल्लू हातात घेतलं की खवले बोटांना चिकटून येतात. रत्नागिरीच्या बाजारात असा मासा कुणी घेणार नाही, शिळा म्हणतील. सर हसले. "अरे कोकणी, बीमार नहीं है. समुंदर जाने की तैयारी है." सॅमन नदीत जन्मतो, मग खाऱ्यात जातो. त्याआधी अंगावरचे काळे पट्टे जातात, चांदी चढते. मीठ सोसायची ताकद आतून येते म्हणे. इथे कसली नदी नि कसला समुद्र. पत्र्याची शेड. बाहेर वाळू, पलीकडे अबुधाबीहून अल ऐनला जाणारा रस्ता.

१९ जाने.
मावसभाऊ नईमभाईचा फोन, देऱ्याच्या बंदरातल्या धक्क्यावरून. "मालाच्या लाँचवर एक माणूस कमी हाय. फेब्रुवारी अखेर आफ्रिकेला निघतोय. येतंस?" येतो म्हटलं. पण पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात अडकलेला. सर म्हणाले, "बच्चे खारे टँक में जाने दे, फिर तेरा व्हिसा कॅन्सल, पासपोर्ट ले जा." म्हणजे आठवडाभर. चालेल.

२४ जाने.
आधी टाकीतलं प्रत्येक पिल्लू प्रवाहाला तोंड करून आपली जागा धरायचं. शेजारी आला की चावा. आता सगळी घोळक्याने प्रवाहासोबत. जाळीपर्यंत जातात, परत गोल. दिवे कायम चालू. बघत बसलो, मेसचं जेवण हुकलं.

२ फेब्रु.
खाऱ्या टाकीचं पाणी गार ठेवणारा चिलर बंद. पार्ट बाहेरून येणार, इन्शाल्ला नेक्स्ट वीक. सर वैतागलेत. फार थांबवली तर पिल्लं परत गोड्या पाण्याची होतात. मग मिठात घातली की मरतात. तसं झालं तर सगळं पहिल्यापासून, चार-पाच महिने. आणि मी?

९ फेब्रु.
परत नेक्स्ट वीक. अम्मीचा फोन. "चौथी नोकरी ही. जरा टिकून रव." टिकलोय की. सोडतंय कोण. संध्याकाळी गेटपर्यंत गेलो. वॉचमन म्हणाला, "किधर?" मागे वळलो.

२१ फेब्रु.
पार्ट आला!! नईमभाई: "शुक्रवारी सुटतोय. यल्ला, बॅग भर." भरली. दुपारी खाणं टाकताना काही पिल्लं प्रवाहाला तोंड करून उभी दिसली. अंगावर परत पुसट काळे पट्टे. उजेडामुळे असेल.

२३ फेब्रु.
आज आणखी. उजेड नाही तो. सर अबुधाबीला. फोनवर म्हणाले, "थोडे बच्चे खारे पानी में रख, कल बता. ठीक हैं तो परसों सब शिफ्ट." ठेवली.

२४ फेब्रु.
दोन मेली. एक तिरकं पोहतंय. बाकीची ठीक. ठीक दिसतात.
सरांचा मेसेज, "रिझल्ट?" त्याखाली नईमभाईचा, "पासपोर्ट मिळाला काय?"
सरांना लिहिलं, "सब ओके". पाठवलं नाही. पुसलं. मग "दो मर गए" लिहिलं. तेही पुसलं. दोन मेली तर चालत असतील, सरांनी आकडा कुठे सांगितलाय. पण तिरकं होतं ते आता तळाला गेलंय. आणि त्याच्या बाजूचंही आता तिरकं पोहतंय.