घाटात मॅडम चालवतील?

शनिवार, संध्याकाळ. दादर.

राग जातच नाहीये. नणंद लंडनहून उतरली की विमानतळावरच भाड्याची गाडी घेऊन नाशिकच्या वायनरी बघायला जायचं ठरलं होतं. गाडी मी चालवणार होते.

काउंटरवरच्या माणसानं माझं लायसन्स बघून ह्यांना विचारलं, "सर, घाटात मॅडम चालवतील?"

हे हसून म्हणाले, "नको, ड्रायव्हरच द्या." हसून!

"वहिनी, दादा काळजीनं बोलतोय," नणंद म्हणाली.

काळजी? बायपासनंतर वर्षभर ह्यांना हॉस्पिटलात गाडीनं कोण नेत होतं? मीच ना?

लायसन्स परत घेतलं आणि टॅक्सीनं एकटीच घरी आले. चुकलं का माझं? ते दोघं ड्रायव्हर घेऊन गेले. आत्ता ह्यांनी द्राक्षमळ्याचा फोटो पाठवलाय. खाली लिहिलंय, "तुला आवडलं असतं."